शेल स्क्रिप्टमध्ये ‘कमांड नॉट फाउंड’ येतं आणि इफची अट कायम खरीच ठरते. काय चुकतंय?

तुमच्या दोन ओळी अशा आहेत:

संख्या = ५
इफ [ $संख्या=१० ]

(नावं आणि आकडे इथे मराठीत लिहितोय, बॅशला, म्हणजे कमांड चालवणाऱ्या नेहमीच्या शेलला, दोन्ही रोमनच लागतात.)

पहिल्या ओळीत भानगड फक्त स्पेसची आहे. शेल स्पेसवर ओळीचे तुकडे पाडतं आणि पहिल्या तुकड्याला कमांड समजतं. म्हणून ते ‘संख्या’ नावाची कमांड शोधत बसलं. संख्या=५ असं चिकटवून लिहा. डावीकडे $ नको. पीएचपी या भाषेत व्हेरिएबलला (किंमत साठवणाऱ्या नावाला) नेहमीच $ लागतो, म्हणून तिथून आलेल्यांचा हात हमखास जातो.

दुसरी ओळ जास्त वाईट, कारण ती तक्रारच करत नाही. इथे उलट स्पेस हवी. चौकटी कंस दिसतो विरामचिन्हासारखा, पण आहे कमांड, ‘टेस्ट’चंच दुसरं नाव. तिला तुम्ही ‘५=१०’ हा एकच शब्द दिलात. एकच शब्द मिळाला की तो रिकामा नाही ना, एवढंच ती बघते. रिकामा नाही, म्हणजे खरं! आकड्यांसाठी [ "$संख्या" -ईक्यू १० ] लिहा (-ईक्यू म्हणजे ‘बरोबर आहे का’), मजकुरासाठी =. अवतरणचिन्हं गाळलीत तर व्हेरिएबल रिकामं निघालं की ‘युनरी ऑपरेटर एक्स्पेक्टेड’ ही एरर ठरलेली.

मी यातच पोळलोय. डिस्क ९० टक्क्यांवर गेली तर जुने बॅकअप उडवायचे, म्हणून लिहिलं होतं [ $वापर > ९० ]. एकेरी कंसात > म्हणजे रिडायरेक्शन, कमांडचं आउटपुट फाइलमध्ये वळवणं. रोज रात्री ‘९०’ नावाची रिकामी फाइल तयार व्हायची, अट खरी ठरायची आणि बॅकअप साफ. डिस्क जेमतेम ४० टक्के भरलेली! ती ‘९०’ फाइल मी दोनदा कचरा समजून डिलीटही केली होती. तिथे -जीटी (‘पेक्षा मोठं’) हवं होतं. [[ ]] केलं तर फाइल बनत नाही, पण > अक्षरांची तुलना करतं, म्हणजे १०० हा ९० पेक्षा लहान.

तुलनेसाठी == बॅशमध्ये चालतं, पण उबुंटूत २००६ पासून ‘एसएच’ ही कमांड म्हणजे डॅश हे वेगळं शेल, आणि तिथे ते अडतं. कंसात एकच = ठेवा.

आणि स्क्रिप्ट क्रॉनला (ठरल्या वेळी आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) लावण्याआधी शेलचेक या चुका शोधणाऱ्या टूलमधून काढा. माझी ती ओळ नंतर त्यात टाकली, तर त्याने थेट > वरच बोट ठेवलं.