वाचकांचे प्रश्न : जुने दणकट बूट विकायला काढताना

प्रश्न : हौसेने जमवलेले चौदा जोड आहेत. काही रेड विंग आणि डॉक्टर मार्टेन्स या कंपन्यांचे, अमेरिकी लष्कराचे दोन, बाकी गिर्यारोहणाचे. आता सगळे विकायचे आहेत. एकगठ्ठा द्यावेत की सुटे? जुनेपणा कसा ओळखायचा?
*एक वाचक, मुलुंड*

उत्तर : सुटेच विका. एकगठ्ठा घेणारा सगळ्यात वाईट जोडाकडे बोट दाखवून बाकीच्यांचाही भाव पाडतो. चोर बाजारात किंवा शुक्रवारी पहाटे भरणाऱ्या दीड गल्लीच्या बाजारात बूट घालण्याजोगा आहे का, एवढंच बघतात. तो कुठल्या सालचा, याचे पैसे तिथे मिळत नाहीत.

छाटणी तळापासून करा, आणि आधी गिर्यारोहणाचे बूट हातात घ्या. वरचं चामडं आणि खालचं रबर यांच्यामधला फोमसारखा थर बहुतेक वेळा पॉलियुरेथेनचा असतो. हवेतल्या बाष्पाने तो आतून तुटत जातो आणि आपल्याकडच्या दमट हवेत हे लवकर होतं. बूट एकदाही न घालता खोक्यात ठेवला तरी त्यातून सुटका नाही. नखाने तो थर कडेला जोरात दाबून बघा. खळगा तसाच राहिला, भुगा पडला किंवा बोटाला चिकट लागलं, तर तो थर गेला. मग बूट वरून कितीही नवा दिसो, वापरायचा म्हणून विकू नका. असा तळ चालता चालता अखंड सुटून येतो. घेणारा तेव्हा एखाद्या गडाच्या उतारावर असू शकतो. ‘तळ निकामी, वरचा भाग चांगला’ असं स्पष्ट लिहून विका.

खरी किंमत असते ती वेल्टला शिवलेल्या बुटांना, कारण त्यांचा तळ पुन्हा बसवता येतो. वेल्ट म्हणजे बुटाच्या कडेने फिरणारी चामड्याची पट्टी. तिच्यावरचे टाके नुसते शोभेचेही असतात, म्हणून बूट उलटा करा आणि तेच टाके तळाच्या खाचेत उतरलेत का ते बघा. रेड विंगच्या पांढऱ्या सपाट तळाच्या बुटांत मात्र शिवण मधल्या थरापर्यंतच असते आणि खालचा तळ चिकटवलेला असतो. तिथे टाके दिसले नाहीत म्हणून बूट नकली ठरत नाही. डॉक्टर मार्टेन्सचा तळ उष्णतेने वेल्टला जोडलेला असतो. तो बदलणं साध्या मोच्याच्या हातचं काम नाही, हे जाहिरातीत सांगा.

साल ठरवताना ‘मेड इन इंग्लंड’वर विसंबू नका. डॉक्टर मार्टेन्सचं बहुतेक उत्पादन 2003 मध्ये आशियात गेलं, पण 2007 पासून इंग्लंडमध्येही काही बूट पुन्हा बनू लागले. अमेरिकी लष्करी बुटावर कंत्राटाचा छाप शोधा : ‘डीएसए 100-67’ असेल तर डीएसए म्हणजे लष्कराला माल पुरवणारं खातं आणि 67 म्हणजे 1967 हे आर्थिक वर्ष. त्या खात्याचं नाव 1977 मध्ये ‘डीएलए’ झालं, त्यामुळे ‘डीएलए’ छाप असलेला जोड त्याआधीचा असू शकत नाही. बोटांवर पोलादी टोपी बसवलेल्या कामगारी बुटांत ‘पीटी 91’ असं लेबल असेल तर ते 1991 च्या सुरक्षा मानकाचं, म्हणजे बूट 1991 किंवा नंतरचा. भाव ठरवताना ई-बेवर मागितलेल्या किमती बघू नका. ‘विकलेले’ हा पर्याय निवडून प्रत्यक्ष मिळालेल्या किमती बघा.

प्रश्न : पावसाळ्यात बुटांवर पांढरं आलंय. विकण्याआधी नवीन तळ लावून, पॉलिश करून घ्यावं का?
*एक वाचक, गिरगाव*

उत्तर : नवीन तळ नको. जुन्या बुटांचा जाणकार मूळ तळाचे पैसे देतो, आणि तुमच्या पसंतीचा तळ त्याला बहुधा काढूनच टाकावा लागतो.

पांढरं काय आहे ते आधी ओळखा. हेअर ड्रायरची कोमट हवा लांबून सोडा. विरघळून चामड्यात जिरलं तर ती चामड्यातलीच चरबी वर आलेली आहे. मऊ फडक्याने पुसलं की झालं. तसंच राहिलं आणि कुबट वास येत असेल तर बुरशी. ती घरात झाडू नका, बीजं बाकीच्या जोडांवर बसतात. गॅलरीत कोरड्या ब्रशने काढा, सुकतळा निघत असेल तर वेगळा करा, मग 70 टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाणी समप्रमाणात घेऊन फडकं नुसतं ओलसर करून पुसा. त्याने रंग उतरू शकतो, म्हणून आधी जिभेच्या आतल्या बाजूला करून बघा. सावलीत, पंख्याखाली दोन दिवस वाळू द्या. उन्हात चामडं आखडतं आणि तडकतं.

मग चामड्याचा कंडिशनर, एका बुटाला वाटाण्याएवढा. जास्त लावलं तर चामडं काळवंडतं आणि ढिलं पडतं. खरखरीत, उलट्या बाजूच्या चामड्याला मेण किंवा पॉलिश अजिबात नको. त्याचे केस कायमचे चिकटून बसतात. डांबराच्या गोळ्याही ठेवू नका, त्यांचा वास महिनोन् महिने जात नाही आणि गिऱ्हाईक तिथेच परत फिरतं. प्लास्टिकऐवजी सुती पिशवी आणि प्रत्येक बुटात सिलिका जेलची 50 ग्रॅमची पुडी पुरे.

प्रश्न : माप कोणतं लिहायचं? पाठवताना काय बघायचं?
*एक वाचक, वसई*

उत्तर : अमेरिकी 9 म्हणजे आपला साधारण 8. भांडणं इथेच होतात. छापलेलं माप आणि ते कुठल्या देशाचं हे लिहा, शिवाय सुकतळ्याची लांबी आणि तळाची सर्वांत जास्त रुंदी सेंटिमीटरमध्ये द्या. फोटोंत तळ, टाच, आतले छाप आणि प्रत्येक तडा दिसू दे.

कुरियर बऱ्याचदा वजनाऐवजी आकारमानाचे पैसे लावतो : लांबी × रुंदी × उंची भागिले 5000. 35 × 30 × 13 सेंटिमीटरचं खोकं 2.73 किलो धरलं जातं, बूट दोन किलोचे असले तरी. आणि पैसे घेण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘क्यूआर स्कॅन करा, पैसे जमा होतील’ म्हणणाऱ्याशी बोलणं तिथेच थांबवा.

प्रश्न : एक जोड अजगराच्या कातड्याचा वाटतो. विकू का?
*एक वाचक, चेंबूर*

उत्तर : नाही. अजगर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या पहिल्या अनुसूचीत आहे. खवल्याची कड नखाने उचलली जात असेल तर कातडं खरं असण्याची शक्यता मोठी. गाईच्या चामड्यावर ठसा मारलेला असेल तर कड उचलत नाही. खात्री होत नसेल तर जाहिरात देऊ नका, वन विभागाला विचारा.