कॉप्टिक ख्रिस्ती येशूचं मनुष्यपण नाकारतात का?

'इजिप्तचे कॉप्टिक ख्रिस्ती येशूला फक्त देव मानतात, माणूस मानत नाहीत, म्हणून त्यांनी ४५१ ची काल्सेडॉनची धर्मपरिषद नाकारली', हे खरं का असं तुम्ही विचारलंय. खरं नाही. हा आरोप त्यांच्यावर शतकानुशतकं होत आलाय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

येशू पित्याइतकाच देव आहे का, हा वाद चौथ्या शतकातला. पाचव्या शतकात प्रश्न पुढे गेला: देवपण आणि मनुष्यपण एकाच ख्रिस्तात नांदतात कसे? इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाचा आर्चबिशप सिरिल याचा आग्रह एकच होता. मरियेच्या पोटी जन्मला आणि क्रुसावर मेला तो स्वतः देवाचा पुत्रच. नाहीतर आपलं तारण केलं कुणी? कॉन्स्टँटिनोपलचा आर्चबिशप नेस्टोरियस मरियेला 'देवमाता' म्हणण्यावर आक्षेप घेई. त्यात एका ख्रिस्ताचे दोन होतात, असं सिरिलचं म्हणणं. ४३१ मध्ये इफिसच्या परिषदेने नेस्टोरियसला पदावरून काढलं. (नेस्टोरियसच्या बाजूचे अँटिओकचे बिशप पोहोचायच्या आत सिरिलने निकाल लावून घेतला, हे मला खटकतं.)

युटिकीस नावाचा वृद्ध मठाधिपती मात्र उलट्या टोकाला गेला. ख्रिस्ताचं शरीर आपल्यासारखंच होतं, हे म्हणायलाही तो कचरू लागला. ४४९ मध्ये सिरिलचा वारस डायस्कोरस याने त्याला पाठीशी घातलं आणि पुढचा सगळा घोळ झाला.

काल्सेडॉनने ठरवलं: एकच ख्रिस्त, 'दोन स्वभावांत' (स्वभाव म्हणजे इथे मूळ स्वरूप, देवपण आणि मनुष्यपण), मिसळ नाही, बदल नाही, विभागणी नाही, ताटातूट नाही. सिरिलच्या अनुयायांना, म्हणजे आजच्या कॉप्टिकांच्या पूर्वसुरींना, 'दोन स्वभावांतून' चाललं असतं, म्हणजे दोन्ही एकत्र येऊन एक झालेला ख्रिस्त. 'दोन स्वभावांत' म्हटलं की एक झाल्यावरही दोन वेगळे उरतात असं भासे, आणि त्यांना नेस्टोरियस परत आल्यासारखा वाटे. परिषदेने डायस्कोरसलाही पदच्युत केलं, पण ते श्रद्धेच्या मुद्द्यावर नव्हे, असं कॉन्स्टँटिनोपलचा आर्चबिशप अनातोलियस त्याच परिषदेत बोलला होता. हे क्वचितच सांगितलं जातं.

कॉप्टिक चर्च युटिकीसलाही पाखंडीच मानतं. त्यांच्या उपासनेत कम्युनियनआधी (पवित्र भाकरी आणि द्राक्षारस घेण्याचा विधी) धर्मगुरू कबुली देतो की ख्रिस्ताने मरियेपासून घेतलेलं शरीर आपल्या देवपणाशी एक केलं, पण मिसळ किंवा बदल न होता. आणि त्याचं देवपण मनुष्यपणापासून क्षणभरही वेगळं झालं नाही. १९७३ मध्ये रोमन कॅथलिक पोप सहावे पॉल आणि कॉप्टिक पोप तिसरे शेनूदा यांनी ख्रिस्त पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य असल्याचं संयुक्त निवेदन केलं.

केरळातली मलंकारा ऑर्थोडॉक्स मंडळीही याच परंपरेतली आहे. तेव्हा त्यांना किंवा कॉप्टिकांना युटिकीसच्या पंक्तीला बसवू नका.