तुळशीला रोज पाणी घालावे का?

प्रिय लेकीस,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्रात दोन प्रश्न आहेत. पुण्याला आजी रोज आंघोळ झाल्यावर तुळशीला तांब्याभर पाणी घालते आणि तिची तुळस चांगली कमरेइतकी वाढते, मग तूही नेमाने तेच करत असताना स्कॉटलंडमधल्या ॲबर्डीनच्या तुझ्या खोलीतले रोप पिवळे पडून पाने का गाळते, हा पहिला. संध्याकाळी तुळशीचे पान तोडू नये हा नियम तू तिकडे पाळावास का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर थोडक्यात असे की पाणी जास्त होत आहे, आजपासून तांब्याभर पाणी बंद कर. दुसऱ्याचे उत्तर होय असे आहे, आणि ते का, हे मला सविस्तर सांगायचे आहे.

तुळस ही उष्ण प्रदेशातली वनस्पती आहे, पुदिना आणि सब्जा यांच्याच कुळातली. तिला दिवसाकाठी किमान सहा तास थेट ऊन, ऊबदार हवा आणि पाण्याचा चटकन निचरा होणारी माती लागते. आजीच्या अंगणातले वृंदावन जमिनीपासून उंच बांधलेले आहे, त्यात माती भरपूर आहे आणि त्यावर सकाळपासून ऊन असते. त्यामुळे तिने घातलेले पाणी दुपारपर्यंत काही मुळे पितात, काही ऊन ओढून घेते आणि उरलेले खाली निघून जाते. पुण्यात ऐन डिसेंबरातही दिवस सुमारे 11 तासांचा असतो. ॲबर्डीनला त्याच महिन्यात तो पावणेसात तासांहूनही आखूड होतो, आणि जो प्रकाश मिळतो तोही तिरपा आणि मंद. एवढ्याशा उजेडात रोपाची वाढ जवळजवळ थांबते, त्याला पाणी फारसे लागत नाही, कुंडीतली माती दिवसेंदिवस ओली राहते आणि मुळांना हवा न मिळाल्यामुळे ती कुजतात. पाने पिवळी पडलेली पाहून रोप तहानले आहे असे वाटते आणि आपण आणखी पाणी घालतो, त्यामुळे मुळे अधिकच कुजतात. मातीवर बारीक काळ्या माश्या उडताना दिसतात असे तू लिहिले आहेस. ती सततच्या ओलीचीच खूण आहे.

यापुढे बोट मातीत दोन-तीन सेंटिमीटर खुपसून पाहा आणि तिथवर माती कोरडी लागली तरच पाणी घाल. घालशील तेव्हा मात्र कुंडीच्या तळातून बाहेर येईपर्यंत घाल आणि बशीत साचलेले पाणी ओतून टाक. हिवाळ्यात हे आठवड्यातून एकदा, फार तर दोनदा करावे लागेल. पाणी नळाचे बर्फगार नको, खोलीत ठेवून कोमट झालेले असावे.

आता तुला वाटेल की रोज पाणी घातले नाही तर आजीची रीत मोडली. मला तसे वाटत नाही. आपल्याकडे पूजेत देवाला पाणी पळीने देतात आणि पळीभर पाणी हे पूर्ण अर्घ्य मानले जाते. तांब्या हे महाराष्ट्राच्या उन्हाला योग्य असलेले माप आहे, तो काही नियमाचा गाभा नव्हे. तू रोज सकाळी आंघोळीनंतर कुंडीपाशी जा, नमस्कार कर आणि पळीभर पाणी घाल. तेवढ्याने मुळांना काहीही अपाय होणार नाही. त्या निमित्ताने रोपाकडे रोज लक्ष जाते, आणि कोणत्याही खतापेक्षा मला त्याचे मोल अधिक वाटते. पानांच्या मागच्या बाजूला मावा किंवा पांढरी माशी बसली आहे का, हीटरच्या कोरड्या हवेने कोळी किडीचे बारीक जाळे धरले आहे का, हे रोज पाहणाऱ्याला पहिल्याच दिवशी दिसते. तसे काही दिसलेच तर पाने कोमट पाण्याने दोन्ही बाजूंनी धुऊन काढ. विषारी फवारा मारू नकोस, कारण हीच पाने आपण तोंडात घालतो.

संध्याकाळच्या नियमाबद्दल लोक निरनिराळी कारणे सांगतात. तुळस रात्रीसुद्धा प्राणवायू सोडते, म्हणून तिला हात लावू नये, असे तुला कोणी सांगितले तर ते मानू नकोस. इतर बहुतेक झाडांप्रमाणे तीही प्राणवायू उजेडातच सोडते. माझ्या मते या नियमाकडे एकट्याने न पाहता त्याच्या सोबतच्या नियमांसह पाहावे. सूर्यास्तानंतर पान तोडू नये, द्वादशीला तोडू नये, कित्येक घरांत रविवारीही तोडत नाहीत, नखाने खुडू नये आणि तोडण्याआधी हात जोडावेत. शिवाय एक सवलतही आहे, जी तुमच्या पिढीला कोणी फारशी सांगत नाही: तुळशीचे पान शिळे होत नाही असे मानतात, म्हणून काल वाहिलेले किंवा आपोआप गळलेले पान धुऊन पुन्हा वाहता येते. हे सगळे एकत्र ठेवले की दिसते ते असे की, ज्या झाडाचे पान घरातल्या प्रत्येकाला नैवेद्यासाठी, पूजेसाठी आणि खोकल्यासाठी हवे असते, त्या झाडाला अधूनमधून विसावा मिळावा याची तजवीज आपल्या लोकांनी धर्माच्या शब्दांत करून ठेवली आहे. तुझ्या अशक्त रोपाला तर या विसाव्याची गरज आजीच्या तुळशीपेक्षा अधिक आहे. तेव्हा वसंत येईपर्यंत एकही हिरवे पान तोडू नकोस. पूजेला गळलेले पान पुरेल.

मंजिरीचे मात्र उलट आहे. मंजिरी धरून तिचे बी पिकले की रोपाला पुढे वाढण्याचे कारण उरत नाही, खोड लाकडासारखे होते आणि पाने लहान होत जातात. मंजिरी दिसताच ती खालच्या पानांच्या जोडीच्या जरा वरून कात्रीने काढावी, म्हणजे त्या जागी दोन नव्या फांद्या फुटतात आणि रोप डेरेदार होते. विठ्ठलाला आणि विष्णूला मंजिरी वाहण्याची आपली पद्धत आहे, म्हणजे जे देवाला प्रिय मानले तेच काढल्याने रोपाचे आयुष्य वाढते. आषाढीच्या वारीत आळंदीहून आणि देहूहून निघालेल्या पालख्यांबरोबर कितीतरी बायका डोक्यावर तुळशीचे वृंदावन घेऊन पंढरपूरपर्यंत चालतात. ती रोपे ऊन, पाऊस आणि वारा खात जातात आणि तरीही टवटवीत दिसतात. तुळस नाजूक नाही. तिला फक्त अंधार, गारठा आणि साचलेले पाणी सोसत नाही.

गारठ्याबद्दल विशेष सांगतो. तापमान 10 अंशांच्या खाली गेले की पाने काळवंडू लागतात आणि एका रात्रीच्या हिमाने रोप मरते. त्यामुळे कुंडी दक्षिणेकडच्या खिडकीत ठेव, पण रात्री पडद्याच्या आतल्या बाजूला घे, कारण काच आणि पडदा यांच्या मधली हवा फार थंड होते. जमल्यास झाडांसाठी मिळणारा एलईडी दिवा रोज 12 ते 14 तास लाव. आपल्याकडे दिवेलागणीला तुळशीपाशी दिवा लावतात; तुझ्या वसतिगृहात ज्योत पेटवायला परवानगी नसेल, तर संध्याकाळी हाच दिवा चालू असताना हात जोडून शुभंकरोती म्हटलेस तरी मला ते पूर्ण योग्य वाटेल.

तुझ्याकडचे रोप खरोखर तुळशीचेच आहे ना, हेही पाहून घे, कारण तुळशीच्या नावाने कधी कधी तिच्या कुळातल्या दुसऱ्याच जातीचे बी विकले जाते. तुळशीच्या खोडावर बारीक लव असते, पानांची कड दातेरी असते, फुले लहान आणि जांभळट असतात आणि पान चुरगळले की लवंगेसारखा वास येतो, कारण लवंगेतले युजेनॉल हे तेल तुळशीतही असते. सब्जाचे पान गुळगुळीत आणि चकचकीत असते. हिरव्या पानांची ती राम तुळस आणि जांभळट काळी ती कृष्ण तुळस. दोन्ही एकाच जातीच्या आहेत. थायलंडमध्ये हीच तुळस मिरची-लसणाबरोबर मांसात परतून खातात, त्यामुळे आशियाई दुकानात ती भाजीच्या कप्प्यात दिसली तर दचकू नकोस.

खोकल्यासाठी आजी करते तो काढा, म्हणजे तुळस, आले, गवती चहा आणि मिरी पाण्यात उकळून त्यात शेवटी गूळ, तू खुशाल करून घे, फक्त वसंत येईपर्यंत त्यासाठी या रोपाची हिरवी पाने तोडू नकोस. त्याने घशाला आराम पडतो. पण ताप राहिला किंवा दम लागला तर डॉक्टरकडे जायचे, काढ्यावर दिवस काढायचे नाहीत.

तुळशीचे लग्न कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत कधीही लावता येते, म्हणजे तुला सवडीची संध्याकाळ निवडता येईल. ऊस, चिंच आणि आवळा तिकडे मिळाले तर ठेव, नाही मिळाले तर अडू नकोस. बाळकृष्णाची मूर्ती, अंतरपाटाला एखादा स्वच्छ रुमाल आणि मंगलाष्टके एवढ्यावर लग्न लागते. अक्षता कुंडीत पडू देऊ नकोस, ओल्या मातीत तांदळाला बुरशी येते.

इतके करूनही रोप हिवाळ्यात गेले तर त्याचा अपशकुन मानू नकोस. आपल्याकडेही तुळस काही वर्षांनी जून होते, मग पावसाळ्यात नवे रोप लावतात आणि वाळलेले खोड कचऱ्यात न टाकता मातीत मिसळतात. वारकऱ्यांच्या गळ्यातली माळ तर तुळशीच्या वाळलेल्या काष्ठाचीच असते. रोप गेले तरी बी हाती असावे म्हणून, बाकीच्या काढल्यास तरी, एक-दोन मंजिऱ्या आताच झाडावर पिकू दे, तपकिरी झाल्या की काढून कागदाच्या पाकिटात ठेव. बी मोहरीपेक्षाही बारीक असते. मार्चच्या शेवटी ते ओलसर मातीवर नुसते भुरभुरायचे, वर जाड माती लोटायची नाही, कारण रुजायला त्याला उजेड लागतो, आणि 20 अंशांच्या वर ऊब ठेवायची. एक-दोन आठवड्यांत अंकुर दिसतात. कुंडी मातीची आणि तळाला भोक असलेली घे, आणि मातीत एक तृतीयांश जाड वाळू किंवा परलाइट (माती भुसभुशीत ठेवणारे हलके पांढरे दाणे) मिसळ.

नाताळच्या सुट्टीत इथे इंग्लंडात लेस्टरला येताना कुंडी बरोबर आणू नकोस, फलाटावरची थंडी तिला सोसणार नाही. ती मैत्रिणीकडे ठेव, आठवड्यातून एकदाच पाणी घालायचे असे तिला बजावून सांग, आणि येताना मंजिऱ्यांचे पाकीट आण. निम्मे बी आपण इथे पेरू.

तुझा,
बाबा