घरी अंडी उबवताना पिल्ले कवचातच का मरतात? कुक्कुटपालकांच्या काही प्रश्नांना उत्तरे

शाहूवाडी तालुक्यातील एका महिला बचत गटाने जुलै महिन्यात घरी अंडी उबवण्याचा पहिला प्रयत्न केला आणि त्याचा हिशेब आमच्याकडे लिहून पाठवला. थर्मोकोलच्या खोक्यात 40 वॅटचे दोन दिवे व ठरावीक तापमानाला ते आपोआप बंद-चालू करणारा थर्मोस्टॅट बसवून त्यांनी गावठी कोंबड्यांची 60 अंडी ठेवली. खोक्याला पंखा नव्हता. थर्मोस्टॅटचा सेन्सर झाकणाला आतून चिकटवला होता आणि तापमान 37.5 अंश सेल्सिअसवर लावले होते. पाण्याची दोन भांडी पहिल्या दिवसापासून आत होती. एकविसाव्या दिवशी एकही पिल्लू निघाले नाही. तेविसाव्या दिवसापर्यंत 22 पिल्ले निघाली. उरलेली अंडी फोडून पाहिली तेव्हा 17 अंडी अगदी कोरी, म्हणजे गर्भच न धरलेली निघाली, 3 अंड्यांत सुरुवातीलाच जीव गेल्याची लाल कडी दिसली आणि 18 अंड्यांत पूर्ण वाढलेली, पिसे आलेली पिल्ले मेलेली आढळली. ‘यंत्र चुकले की अंडी वाईट होती’, असा त्यांचा प्रश्न आहे.

सर्वप्रथम, न निघालेली अंडी उकिरड्यावर न टाकता फोडून, मोजून, लिहून ठेवल्याबद्दल या भगिनींचे कौतुक केले पाहिजे. बहुतेक पत्रांत ‘निम्मी वाया गेली’ एवढेच लिहिलेले असते आणि त्यावरून नेमके काहीच सांगता येत नाही. येथे मात्र चार आकडे आहेत आणि प्रत्येक आकडा वेगळ्या चुकीकडे बोट दाखवतो.

कोरी निघालेली 17 अंडी यंत्रात जाण्यापूर्वीच निकामी होती, त्यांचा दोष खोक्याला देता येणार नाही. गटाकडे 25 कोंबड्यांमागे एकच कोंबडा आहे आणि काही अंडी आठवडी बाजारातून आणली होती. गावठी कोंबड्यांत 8 ते 10 माद्यांमागे एक तरुण, निरोगी कोंबडा असावा. नवा कोंबडा कळपात सोडल्यानंतर 10 दिवसांनीच अंडी उबवणीसाठी गोळा करावीत. बाजारातील अंडे किती दिवसांचे आहे, उन्हात किती वेळ राहिले आहे, याचा पत्ता नसतो. दुकानात मिळणारी पांढरी अंडी तर पिंजऱ्यात कोंबड्याविना ठेवलेल्या माद्यांची असतात, ती कितीही दिवस उबवली तरी त्यांतून पिल्लू निघणार नाही.

म्हणजे गाभ धरलेली अंडी 43 होती आणि त्यांतून 22 पिल्ले निघाली. खरा प्रश्न आहे तो राहिलेल्या 18 पिल्लांचा, कारण पिल्लू पूर्ण वाढून शेवटच्या तीन दिवसांत मरते तेव्हा अंडे चांगलेच असते, आपण त्याला ठेवले कसे यात खोट असते.

पिल्ले दोन दिवस उशिरा निघाली, याचा सरळ अर्थ अंड्यांना सतत थोडी कमी ऊब मिळाली. पंखा नसलेल्या खोक्यात गरम हवा वर जाते व झाकणाजवळ साचते. सेन्सर झाकणाला असल्यामुळे तेथे 37.5 अंश होताच दिवे बंद होत राहिले आणि खाली तळाशी असलेल्या अंड्यांना त्याहून एक-दीड अंश कमी तापमान मिळाले असावे. पंखा असलेल्या यंत्रात हवा फिरती असल्याने 37.5 अंश (99.5 अंश फॅरनहाइट) योग्य ठरते, पंखा नसलेल्या खोक्यात मात्र अंड्याच्या वरच्या पृष्ठभागाच्या पातळीवर मोजून 38.3 ते 38.8 अंश ठेवावे लागते. जुन्या संगणकातील 12 व्होल्टचा छोटा पंखा खोक्यात बसवून हवा अंड्यांवर थेट न मारता भिंतीकडे वळवल्यास हा अर्धा प्रश्न सुटतो. सेन्सर कोणत्याही परिस्थितीत अंड्यांच्या पातळीला टांगलेला असावा.

तापमापक खरा आहे का, हे तपासण्याची एक सोपी रीत आहे. घरातील ताप मोजण्याचा तापमापक आणि यंत्रातील तापमापक यांची टोके एकाच पेल्यातील कोमट पाण्यात धरावीत, पाणी हळूहळू ढवळावे आणि दोन्हींचे आकडे ताडून पाहावेत. जो फरक दिसेल तो कागदावर लिहून खोक्यावरच चिकटवावा. ताप मोजण्याचा तापमापक एकदा चढला की झटकल्याशिवाय किंवा पुन्हा चालू केल्याशिवाय खाली येत नाही, म्हणून तो खोक्यात कायमचा ठेवून उपयोग नाही. ताडून पाहण्यापुरताच तो वापरावा.

आता ओलाव्याकडे वळू, कारण माझ्या मते या 18 पिल्लांपैकी बहुतेकांचा जीव ओलाव्याने घेतला आहे. पहिले 18 दिवस यंत्रातील सापेक्ष आर्द्रता 50 ते 55 टक्के आणि शेवटचे तीन दिवस 65 ते 70 टक्के असावी, हे सर्वत्र छापलेले असते आणि म्हणून पाण्याची भांडी ठेवली जातात. परंतु शाहूवाडीच्या जुलैमध्ये बाहेरची हवाच 25-26 अंश तापमानाला 90 टक्क्यांवर ओली असते. तीच हवा खोक्यात शिरून 37.5 अंशांपर्यंत तापली की भांडे न ठेवताही आर्द्रता 50 टक्क्यांच्या आसपास राहते. त्यात पाण्याची दोन भांडी ठेवल्यास ती बरीच वर जाते. याउलट मे महिन्यात चंद्रपूर किंवा अकोल्याच्या कोरड्या हवेत दोन भांडीही पुरणार नाहीत. त्यामुळे भांडी किती ठेवावीत, याचे सर्व गावांना लागू पडणारे उत्तर मला देता येत नाही, आणि जो देईल त्यावर विश्वास ठेवू नये.

आर्द्रतामापक नसेल तर अंड्यांचे वजन हेच आपले मोजमाप समजावे. अंड्याच्या कवचाला हजारो सूक्ष्म छिद्रे असतात व त्यांतून उबवणीच्या काळात पाणी उडून जाते. अठराव्या दिवसापर्यंत अंड्याचे वजन 11 ते 13 टक्क्यांनी घटले पाहिजे. कोणतीही 10 अंडी पेन्सिलीने खूण करून वेगळी धरावीत आणि ठेवण्यापूर्वी किराणा दुकानातील इलेक्ट्रॉनिक काट्यावर त्यांचे एकत्र वजन करावे. ते 500 ग्रॅम भरले, तर सातव्या दिवशी साधारण 475 ते 480 ग्रॅम आणि अठराव्या दिवशी 435 ते 445 ग्रॅम भरायला हवे. घट कमी असेल तर पाणी काढून घ्यावे आणि हवेची छिद्रे मोकळी करावीत. घट जास्त असेल तर पाण्याचे भांडे रुंद करावे. येथे भांड्याची खोली महत्त्वाची नाही, पाण्याचा उघडा पृष्ठभाग किती आहे यावर ओलावा ठरतो.

घट कमी झाली तर काय बिघडते? अंड्याच्या बोथट टोकाला हवेचा कप्पा असतो आणि पाणी उडत जाते तसा तो मोठा होत जातो. पिल्लू बाहेरचे कवच फोडण्यापूर्वी एकोणिसाव्या-विसाव्या दिवशी आधी या कप्प्याच्या पापुद्र्यात चोच घालते आणि आयुष्यातील पहिला श्वास तेथे घेते. कप्पा लहान राहिला तर त्याला तेथे पुरेशी हवा मिळत नाही आणि आतील ओलाव्यात ते गुदमरते. गटाने लिहिले आहे की मेलेली पिल्ले फुगलेली व चिकट पाण्याने माखलेली होती. ही खूण जास्त ओलाव्याचीच आहे. त्यातच थंडी लागू नये म्हणून रात्री खोक्याची छिद्रे कापसाने बुजवली जात होती. शेवटच्या आठवड्यात वाढलेल्या पिल्लांना प्राणवायू सर्वांत जास्त लागतो, म्हणून त्या काळात छिद्रे बुजवणे तर नाहीच, उलट एखादे वाढवावे.

याच गटाने आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिली आहे. एकविसाव्या दिवसापासून दर तासा-दोन तासांनी झाकण उघडून पाहिले जात होते आणि दोन पिल्लांचे कवच नखाने सोलून त्यांना बाहेर काढले होते, ती दोन्ही मेली. प्रशिक्षणाच्या काळात मीही हेच केले आहे, म्हणून रागावण्याचा मला अधिकार नाही. तरीही स्पष्ट सांगतो: झाकण उघडताच आतील दमट हवा निघून जाते, टोचलेल्या भोकाभोवतीचा पापुद्रा वाळून चामड्यासारखा चिवट होतो आणि पिल्लाला आत फिरता येत नाही. पहिली टोच दिसल्यापासून बाहेर येईपर्यंत 12 ते 24 तास लागणे स्वाभाविक आहे. त्या अवधीत पापुद्र्यातील रक्त पिल्लाच्या शरीरात परत जात असते आणि उरलेला बलक पोटात ओढला जात असतो. घाईने सोलले की रक्तवाहिन्या फुटतात. पोटातील त्या बलकावर पिल्लू दोन दिवस अन्नपाण्याविना तग धरते, म्हणून आधी निघालेली पिल्ले सुकेपर्यंत आत राहिली तरी उपाशी मरत नाहीत. अठराव्या दिवशी अंडी फिरवणे थांबवावे, पाणी वाढवावे, झाकण लावावे आणि पिल्ले निघेपर्यंत ते विसरून जावे. झाकणात काचेचा तुकडा बसवला तर मनाला धीर राहतो.

पहिले 18 दिवस मात्र अंडी फिरवलीच पाहिजेत, नाहीतर वाढता गर्भ कवचाच्या आतील पापुद्र्याला चिकटतो. अंड्याच्या एका बाजूला फुली व दुसऱ्या बाजूला गोल पेन्सिलीने काढावा आणि दिवसातून तीन किंवा पाच वेळा बाजू पालटावी. संख्या विषम ठेवण्याचे कारण असे की रात्रीचा सर्वांत लांब पल्ला रोज त्याच बाजूवर जात नाही. सातव्या दिवशी अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या दिव्यावर पुठ्ठ्याचे भोक ठेवून प्रत्येक अंडे बोथट टोकाकडून पाहावे. जिवंत अंड्यात मध्यभागी काळा ठिपका व त्याभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या लाल शिरा दिसतात. कोरी व लाल कडे दिसणारी अंडी त्याच दिवशी बाहेर काढावीत. या खेपेत ही तपासणी झाली असती तर 17 कोऱ्या अंड्यांची जागा दोन आठवडे अडली नसती.

सिन्नर तालुक्यातील एका शेतकरी बांधवांनी विचारले आहे की उबवणीसाठी अंडी किती दिवस साठवता येतात आणि फ्रिजमध्ये ठेवली तर चालतात का. सात दिवसांपर्यंतची अंडी घ्यावीत. त्यानंतर प्रत्येक दिवसागणिक पिल्ले निघण्याचे प्रमाण घसरते. साठवणीला 13 ते 18 अंश तापमान उत्तम, आणि घरच्या फ्रिजमधील 4 अंशांची थंडी गर्भाला सोसत नाही. उन्हाळ्यात उलटा धोका असतो: खोलीचे तापमान 25 अंशांच्या पुढे गेले की गर्भ अर्धवट वाढू लागतो व नंतर मरतो. घमेल्यात ओली वाळू घेऊन त्यात मातीचे मडके रोवावे, मडक्यात कोरडा पेंढा घालून अंडी टोकदार बाजू खाली करून ठेवावीत आणि तोंडावर विरळ कापड बांधावे. ही जुनी रीत आजही उपयोगी आहे. अंडी धुऊ नयेत, कारण कवचावरील नैसर्गिक लेप निघून जातो व जंतूंना वाट मिळते. माखलेले अंडे खाण्यासाठी ठेवावे.

‘वनराजा कोंबडीची अंडी घरी उबवून तीच जात वाढवता येईल का’, असा प्रश्न अनेकांनी केला आहे. पिल्ले निघतील, परंतु हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने तयार केलेली वनराजा ही संकरित आहे आणि तिच्या पुढच्या पिढीत वजन व अंडी यांचा मेळ टिकत नाही. शिवाय अशा सुधारित कोंबड्या सहसा खुडूक होत नाहीत, म्हणजे अंड्यांवर बसत नाहीत. त्यांची एक दिवसाची पिल्ले शासकीय अंडी उबवणी केंद्रातून घेणे हाच शहाणा व्यवहार आहे. घरी उबवण्याचे श्रम गावठीसाठी राखून ठेवावेत.

आणि 10-12 अंडीच उबवायची असतील, तर खोक्याच्या भानगडीत न पडता खुडूक कोंबडी बसवावी, असे माझे मत आहे. तापमान, ओलावा व फिरवणे हे तिन्ही ती स्वतः सांभाळते. टोपलीत तळाला राख, त्यावर कडुनिंबाचा वाळलेला पाला व भाताचा पेंढा घालून ती अंधाऱ्या, शांत कोपऱ्यात ठेवावी आणि कोंबडी रात्रीच्या वेळी बसवावी, म्हणजे ती उठून जात नाही. राख व पाला पिसवा आणि गोचिडांसाठी आहे. त्यांच्या त्रासाने चांगली बसलेली कोंबडीही अंडी सोडते. वळवाच्या गडगडाटाने अंडी नासतात, म्हणून टोपलीत लोखंडी खिळा ठेवावा का, असेही एकाने विचारले आहे. खिळ्याने बिघडत काही नाही, घडतही काही नाही. गडगडाटाने कोंबडी बिथरून उठते आणि अंडी गार पडतात, किंवा यंत्र असेल तर त्याच वेळी वीज जाते, एवढेच त्या समजुतीमागचे तथ्य आहे. वीज गेल्यास झाकण न उघडता खोक्यावर गोधडी टाकावी, पण छिद्रे मोकळी ठेवावीत. दोन-तीन तासांची थंडी गर्भ सहसा सोसतो व पिल्ले थोडी उशिरा निघतात. 40 अंशांपुढची उष्णता मात्र त्याला थोडक्या वेळातच मारते. म्हणून वीज परतल्यावर थर्मोस्टॅट दिवे वेळेवर बंद करतो आहे का, हे पहिला तासभर जवळ थांबून पाहावे.

पिल्ले सुकून फुलली की पहिला आठवडा 35 अंश उबेत ठेवावीत आणि दर आठवड्याला सुमारे 3 अंशांनी ऊब कमी करावी. पिल्ले दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर ऊब कमी आहे आणि कडेला पंख पसरून धापत असतील तर जास्त आहे, असे समजावे. पाचव्या ते सातव्या दिवशी मानमोडी (राणीखेत) रोगाची लासोटा लस डोळ्यात किंवा नाकपुडीत एक थेंब द्यावी. ही लस बर्फात आणावी लागते, लहानात लहान बाटलीही बहुधा 100 मात्रांची असते आणि एकदा द्रावण केले की दोन तासांत संपवावी लागते. म्हणून वाडीतील दोन-चार घरांनी अंडी एकाच दिवशी ठेवली, तर सर्वांच्या पिल्लांना एकाच बाटलीत लस देता येईल आणि शाहूवाडीच्या गटाने पुढची खेप त्याच बेताने लावावी.