कॉइल-ऑन-प्लग बसवायचंय? मग आधी टायमिंगचं बघू

फोक्सवॅगन बीटलचा डिस्ट्रिब्युटर (एकाच कॉइलचा करंट पाळीपाळीने चारही प्लगना वाटणारा भाग) काढून प्रत्येक प्लगला स्वतःची कॉइल (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणारी) द्यावी का, म्हणजेच कॉइल-ऑन-प्लग करावं का, यावर सातारा, वाई, कराडकडून बरीच पत्रं आली आहेत. सारखे प्रश्न एकत्र करून उत्तरं देतो. एका पत्रात बीटल नाही, पद्मिनी आहे, तिचं शेवटी.

यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्याला लागलो की माझी १९६८ची बीटल मिसिंग करते. पावसाळ्यात तर सकाळी सकाळी स्टार्टच होत नाही. मेकॅनिक म्हणतो, कॉइल-ऑन-प्लग टाकू, दोन्ही दुखणी जातील. जातील का? — एक वाचक, सातारा

एक जाईल, दुसऱ्याची खात्री नाही. पावसाळ्यातलं दुखणं बहुतेक डिस्ट्रिब्युटर कॅपचं आहे. कॅपला बारीक तडा गेला, आत ओल धरली की करंट प्लगपर्यंत पोचायच्या आधीच वाट सोडून इंजिनाच्या धातूत उतरतो, म्हणजे अर्थ (earth) होतो. प्लगवरच कॉइल आली की कॅप, रोटर आणि लांबलचक हाय-टेन्शन वायरी राहतच नाहीत, त्यामुळे हा त्रास मुळापासून जातो. अर्थात नवी कॅप, रोटर आणि वायरींचा सेट टाकूनही तो जातो, आणि फार कमी पैशात.

घाटातल्या मिसिंगचं आधी निदान करा. टायमिंग लाइट (प्लगला ठिणगी गेली की चमकणारा दिवा) सोबत ठेवा. गाडी आचके द्यायला लागली की बाजूला घ्या, इंजिन चालू ठेवून लाइटचा चिमटा एकेका प्लगच्या वायरीला लावा आणि थोडी रेस द्या. आचका येतो त्याच क्षणी लाइट चुकत असेल तर दोष इग्निशनचा. गरम झालेला कंडेन्सर (डिस्ट्रिब्युटरला लावलेला, पॉइंटवरची ठिणगी दाबणारा छोटा डबा) पहिला संशयित. लाइट एकसारखा मारतोय आणि तरी आचके, तर पेट्रोलकडे बघा. बीटलचा पेट्रोल पंप इंजिनवरच बसतो, घाटात तापतो, पेट्रोलची वाफ होते. त्यावर जगातली कुठलीही कॉइल उपाय नाही.

आणखी एक करा. कॅप काढून रोटर चिमटीत धरा आणि आडवा हलवून बघा. शाफ्टच्या बुशला खेळ असेल तर पॉइंटचा (कॉइलचा करंट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या संपर्काचा) गॅप दर सिलिंडरला वेगळा पडतो. गॅप मुळात ०.४ मिलिमीटर, त्यात ०.१ इकडेतिकडे झाला तरी टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, क्रँकच्या फिरण्यात काही अंशांनी सरकतं. खेळ सापडला, तर तुमच्या मेकॅनिकचं म्हणणं मला अर्धं पटेल. कारण या बदलाचा खरा फायदा ठिणगी मोठी होण्यात नाही, ती दरवेळी नेमक्या अंशावर पडण्यात आहे.

पॉवर किती वाढेल? मायलेज? — एक वाचक, कराड

चांगल्या सेट केलेल्या स्टॉक इंजिनात पॉवर जवळपास नाहीच वाढत. कॉम्प्रेशन साडेसातला एकच्या आसपास. एवढं मिश्रण साधी कॉइलही पेटवते, आणि पेटलेलं पुन्हा जास्त पेटत नाही. फरक पडतो तो अॅडव्हान्समध्ये, म्हणजे ठिणगी किती लवकर पाडायची त्यात. आपल्याकडच्या कितीतरी बीटलांना बॉशचा ००९ डिस्ट्रिब्युटर लावलेला असतो. त्यात फक्त वजनांवर चालणारा अॅडव्हान्स आहे, व्हॅक्यूमचा नाही. म्हणून आयडलवरून हलकेच पाय दिला की गाडी क्षणभर गळपटते.

डिस्ट्रिब्युटर काढला की ठिणगीची वेळ ईसीयू, म्हणजे छोटा कॉम्प्युटर, ठरवतो. त्याला मॅप सेन्सर (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा) जोडला की इंजिनवर लोड किती आहे ते त्याला कळतं. महाबळेश्वरला नेहमी जाणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. तिथं उंची सुमारे १,३५० मीटर, हवेचा दाब समुद्रसपाटीपेक्षा साधारण १५ टक्के कमी. विरळ मिश्रण सावकाश जळतं, त्याला ठिणगी थोडी लवकर लागते. मॅप सेन्सर निरपेक्ष दाब मोजतो (बाहेरच्या हवेशी तुलना न करता), त्यामुळे पसरणीचा घाट चढता चढता ईसीयू आपोआप अॅडव्हान्सच्या टेबलातल्या योग्य ओळीवर येतो. मायलेज वाढलं तर इथं वाढेल, हलक्या पायाने चालवताना.

सगळं सामान गोळा करून घरीच बसवायचा विचार आहे. कुठं चुकायची शक्यता जास्त? — एक वाचक, वाई

तुमचा प्रश्न मला सगळ्यात आवडला, तेव्हा जरा सविस्तर.

क्रँक कुठल्या अंशावर आहे ते ईसीयूला कळायला क्रँक पुलीवर दातांचं चाक आणि ते दात वाचणारा सेन्सर लागतो. ३६ दातांच्या जागा, त्यातला एक गाळलेला, म्हणजे दर दाताला १० अंश. ते लेझर कटिंगवाल्याकडून कापून घेता येतं, पण पुलीवर लेथवरच मध्य साधून बसवा. हाताने भोकं पाडून लावलेलं चाक डुलतं, आणि सेन्सरचा गॅप तर जेमतेम एक मिलिमीटर. सेन्सर दोन वायरींचा असेल तर त्या उलटसुलट जोडू नका. उलट्या जोडल्या तरी गाडी चालू होते, म्हणून ही चूक पकडणं अवघड जातं. आरपीएम वाढला की टायमिंग सरकायला लागतं. केबल जाळीची घ्या आणि जाळी एकाच टोकाला अर्थ करा. प्लग रेझिस्टरवालेच लावा, नाहीतर सेन्सरच्या सिग्नलमध्ये कचरा येतो आणि आपण आठवडाभर सॉफ्टवेअरला शिव्या देत बसतो.

ईसीयू म्हणून आर्डुइनो मेगावर चालणारं स्पीडुइनो पुरेसं आहे. बीटलचा फायरिंग ऑर्डर १-४-३-२, म्हणून १ आणि ३ची जोडी, ४ आणि २ची जोडी. जोडीतल्या दोन्ही कॉइल एकदम मारायच्या. एक ठिणगी कामाची, दुसरी एक्झॉस्टच्या वेळी फुकट जाते, पण त्याने नुकसान काही नाही आणि कॅम सेन्सरची कटकट वाचते. कॉइल शक्यतो आत इग्नायटर (कॉइलचा करंट चालू-बंद करणारं सर्किट) असलेल्या घ्या. दोन पिनांच्या साध्या कॉइलला बाहेरून वेगळा ड्रायव्हर लागतो. ती थेट ईसीयूला जोडली तर ईसीयू जातो.

ड्वेल म्हणजे कॉइल भरायचा वेळ. तीन मिलिसेकंदांच्या आसपास सुरुवात करा, मग तुमच्या कॉइलच्या आकड्याप्रमाणे बदला. सेल मारताना व्होल्टेज पडतं, तेव्हा तो जास्त लागतो. पहिल्यांदा चावी फिरवाल तेव्हा स्टार्टर मारू नका. पाचेक मिनिटं नुसतं इग्निशन चालू ठेवून कॉइलला हात लावत राहा. इंजिन बंद असताना कॉइल कोमट लागली तर आउटपुटची दिशा उलटी सेट झाली आहे. तिथंच चावी बंद करा, नाहीतर कॉइल जळेल.

मग टायमिंग सॉफ्टवेअरमध्ये १० अंशांवर लॉक करून लाइटने तपासा. पण वायर तर राहिलीच नाही, चिमटा लावणार कशाला? पहिल्या सिलिंडरची कॉइल उचलून तिच्या आणि प्लगच्या मध्ये जुन्या वायरीचा तुकडा तात्पुरता घाला. ३,००० आरपीएमपर्यंत पुलीवरची खूण जागची हलता कामा नये. अॅडव्हान्सचं टेबल त्यानंतर. फुल लोडला २८ ते ३० अंशांच्या वर जाऊ नका. या इंजिनाच्या आवाजात नॉकिंग (मिश्रण आपोआप पेटल्याचा ठोका) ऐकूच येत नाही, आणि खंबाटकीत भर उन्हात तिसरा सिलिंडर आधीच तापलेला असतो. जुन्या पद्धतीच्या रचनेत ऑइल कूलर त्याचीच हवा अडवतो. १९७१पासून कूलर बाजूला काढला, तेव्हा ते थोडं सुधारलं.

आता दोन गोष्टी, ज्या दुसऱ्या इंजिनांवर शिकलेल्या माणसाला सुचत नाहीत. पहिली: डिस्ट्रिब्युटर काढला तरी त्याच्या खालचा ड्राइव्ह शाफ्ट काढू नका. मेकॅनिकल पेट्रोल पंपाचा दांडा त्याच शाफ्टवरच्या कॅमवर चालतो. शाफ्ट काढला की पेट्रोल बंद. वरचं भोक मात्र नीट बुजवा, तिथून तेल येतं.

दुसरी माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची. प्लगच्या कॅपवर जी रुंद रबरी चकती असते ती शोभेची नाही. बीटल हवेवर थंड होते. पंख्याची हवा पत्र्यातून सिलिंडरच्या फिन्सवर जाते आणि प्लगचं भोक त्याच पत्र्यात आहे. चकती नसेल तर थंड करणारी हवा तिथूनच निसटते. आजकालच्या कॉइल खोल विहिरीत बसणाऱ्या हेडसाठी लांब नळीच्या बनवलेल्या असतात. बीटलवर त्या बाहेर डोकावतात, थरथरतात आणि भोक उघडंच राहतं. म्हणून बीटलला मी अगदी प्लगवर कॉइल बसवा असं सांगत नाही. पंख्याच्या पत्र्यावर ब्रॅकेट करून चार कॉइल तिथं लावा, वीतभर वायर द्या आणि प्लगला मूळ रबरी चकतीचीच कॅप ठेवा. दिसायला थोडं कमी भारी, पण इंजिन थंड राहील.

१२ व्होल्टचा जुना डायनामो चार कॉइलचा भार ओढेल का? — एक वाचक, कोरेगाव

ओढेल. ३,००० आरपीएमला क्रँक सेकंदाला ५० फेरे घेतो. प्रत्येक कॉइल दर फेऱ्याला तीन मिलिसेकंद भरते, म्हणजे १५ टक्के वेळ. भरताना सरासरी ४ अँपिअर धरले तर कॉइलमागे ०.६, चारांचे २.४. पॉइंटवरची ३ ओहमची कॉइल निम्म्याहून जास्त वेळ चालू असते आणि तीही दोन-सव्वादोन अँपिअर खातेच. फरक नगण्य. सहा व्होल्टची गाडी असेल तर मात्र आधी बारा व्होल्ट करून घ्या.

गाडी व्हिंटेजमध्ये नोंदवायची आहे. अडचण येईल? — एक वाचक, फलटण

येऊ शकते. २०२१च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी आणि मूळ रूपातली गाडीच व्हिंटेज धरली जाते. चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला चालत नाही. नोंदणीची फी २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि अशी गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. इग्निशन बदलणं म्हणजे इंजिनातला बदल की नाही, यावर आरटीओत वाद घालत बसण्यापेक्षा तपासणीपर्यंत पॉइंटच ठेवा. नंतरही काहीही कापू नका, वेल्डिंग करू नका. सगळं उलटं फिरवून एका दुपारात मूळ डिस्ट्रिब्युटर परत बसला पाहिजे.

हेच प्रीमियर पद्मिनीला जमेल का? — एक वाचक, सातारा

जमेल. ती पाण्यावर थंड होते, त्यामुळे पत्र्याच्या भोकाचा प्रश्न नाही. फायरिंग ऑर्डर १-३-४-२, म्हणून जोड्या १-४ आणि ३-२. दातांचं चाक पुलीसमोर बसायला जागा किती आहे ते आधी मोजा, कॉइल त्यानंतर घ्या.