सीआरपीएफवाले "शेवटी पोलीसच" ना?

तुम्ही विचारलंय, "सीआरपीएफवाले शेवटी पोलीसच, मग त्यांना जवान का म्हणायचं?" पोलीसच आहेत, मान्य. सीआरपीएफ म्हणजे केंद्रीय राखीव पोलीस दल, ते गृह मंत्रालयाचं, संरक्षण मंत्रालयाचं नाही. माझी हरकत त्या 'शेवटी'ला आहे.

9 एप्रिल 1965, कच्छच्या रणातली सरदार पोस्ट. सीमा राखणारं बीएसएफ (सीमा सुरक्षा दल) तेव्हा नव्हतंच. ते त्याच वर्षी 1 डिसेंबरला उभं राहिलं, तेही रणात पोळल्यावर. चौकीवर सीआरपीएफच्या दुसऱ्या बटालियनचे मूठभर जवान, आणि पहाटे समोरून पाकिस्तानची अख्खी ब्रिगेड. यांनी त्यांना जवळ येऊ दिलं आणि मग मशीनगन सुरू केल्या. 34 पाकिस्तानी सैनिक पडले, चौघं जिवंत हाती लागले. आपले सहा गेले. ब्रिगेडला पोलिसांनी थोपवलं, एवढं तरी 'शेवटी' म्हणणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. दरवर्षी 21 ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन पाळतात ना, तोसुद्धा 1959 साली लडाखमध्ये हॉट स्प्रिंग्जला चिन्यांच्या गोळीबारात पडलेल्या याच दलाच्या दहा जणांसाठी.

सीआरपीएफची स्थापना 27 जुलै 1939, मध्य प्रदेशातल्या नीमचला, संस्थानांतली चळवळ दाबायला. सध्याचं नाव 1949 च्या कायद्याने आलं.

कायदा-सुव्यवस्था राज्याची, म्हणून राज्य मागणी करतं आणि केंद्र दलाच्या कंपन्या, म्हणजे तुकड्या, देतं. कंपनी कुठे लावायची ते बहुधा जिल्ह्याचे एसपी ठरवतात. तपास स्थानिक ठाण्याचा. पकडलेला माणूस तिथेच सोपवायचा. घोळ होतो तो बटालियन तुकड्या-तुकड्यांत वाटली जाते तेव्हा. जवानाला ना तिथली वाट माहीत, ना भाषा. नक्षल भागात गाड्या सोडण्याआधी रोड ओपनिंग पार्टी, म्हणजे रस्ता तपासणारी तुकडी, पायी निघते: रस्त्याखालच्या मोऱ्यांच्या आत वाकून बघायचं, सुरुंगाच्या खुणा म्हणून उकरलेली माती आणि वायर शोधायची, स्वतः डांबरावरून न चालता दोन्ही कडांनी जायचं. रोज तीच वेळ धरली, किंवा थकून गेल्या वाटेनेच परत आलं, की समोरच्याला सापळा लावायला सवड मिळते. 6 एप्रिल 2010 ला छत्तीसगडमधल्या ताडमेटल्यात नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात परतीच्या वाटेवरच 76 जण गेले, त्यातले 75 सीआरपीएफचे.

आणि मानाचं म्हणाल, तर 2004 पासून भरती झालेल्यांना जुनी पेन्शन नाही. लष्करातल्या नियमित सैनिकांना आहे.

अर्थात लढाई हे काही यांचं रोजचं काम नव्हे. बहुतेक वेळ निवडणुका आणि बंदोबस्तातच जातो. दंगलीत निळसर गणवेशात दिसते ती आरएएफ (शीघ्र कृती दल) ही सीआरपीएफचीच. तिची 102 वी बटालियन तळोज्याला आहे. एसआरपी (राज्य राखीव पोलीस) निराळी, ती राज्याची.