शाळेच्या जुन्या मॅचसाठी पुन्हा उतरताना

शाळेतली जुनी अमेरिकन फुटबॉलची मॅच पुन्हा खेळायला चाळिशीत हेल्मेट चढवतोयस, फार आनंद झाला. १९९३ साली ईस्टन आणि फिलिप्सबर्ग या नदीच्या दोन काठांवरच्या अमेरिकन शाळांची मॅच ७-७ अशी बरोबरीत सुटली होती. तेच खेळाडू २००९ मध्ये पुन्हा भिडले आणि फिलिप्सबर्ग जिंकलं. पण त्या खेळाडूंनी आधी कसून सराव केला होता, हे लक्षात ठेव.

तू आधी हृदय तपासून घे. मांडीमागचा स्नायू पहिल्याच जोरदार धावेत दगा देतो, म्हणून वेग आठवड्यागणिक वाढव. टॅकल करताना, म्हणजे चेंडू घेऊन धावणाऱ्याला धरून पाडताना, डोकं वर, नजर समोर; डोकं खाली घालून घुसायचं नाही म्हणजे नाही! हेल्मेट मापाचंच हवं, उसनं नको. आणि तिकिटं आत्तापासून खपवायला लाग, समोरच्या शाळेच्या लोकांनाही. चुरशीपोटी ते हमखास घेतात.